आकड्यांचा गळा

आमच्या घराण्यात आकडा आणि गाणं ही दोन मंडळी कधी एका पंगतीला बसली नाहीत. वडील दिवसभर गिरणीच्या हिशेबखात्यात आकडे लिहीत आणि संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन, आकड्यांचा विटाळ फिटल्यासारख्या चेहऱ्याने, रेडिओ लावत. गाण्यात हिशेब असलाच तर तो मात्रांचा, आणि तोही तबलजीने ठेवायचा. आपण समेवर मान हलवली की कर्तव्य संपलं, अशी साधी सरळ वाटणी होती. अशा घरात वाढलेल्या माणसाला, आकडे खाऊन गाणं बाहेर टाकणारी एक पेटी आपल्याच नात्यात कुणी विकत घेईल असं सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला असता.

पण आमच्या भावोजींनी ती घेतली. भावोजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, सरकारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर धरणाचं पाणी मोजलं, आता गाणं मोजतात. पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर हार्मोनियम आली असेल, तर ती आधी दूर करा. हिला भाता नाही, पट्ट्या नाहीत, आणि साथीला घ्यावी तर ही कुणाचीच साथ करत नाही, उलट हिच्या साथीला बाकीची चार-पाच यंत्रं आणि त्यांच्या जाडजूड वायरी लागतात. वजन अकरा किलो. किमतीचा आकडा ताईला अजून सांगितलेला नाही. तिला तो 'सवलतीत मिळाली' अशा शब्दरूपात कळवलेला आहे.

शास्त्रीय नाव डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, लाडाचं नाव डॅक. तसं पाहिलं तर हा प्राणी प्रत्येक घरात आधीपासून राहतो आहे. मोबाइलमध्ये आहे, टीव्हीत आहे, नातवाच्या बोलक्या अस्वलाच्या पोटातसुद्धा आहे. तिथे तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि कुणी त्याची विचारपूस करत नाही. तोच दाणा अ‍ॅल्युमिनियमच्या पेटाऱ्यात घातला, त्याला स्वतंत्र वीजपुरवठा दिला आणि समोर निळा आकडा पेटवला, की तो 'हाय-एंड' होतो. माणसांचंही थोडंफार असंच असतं, पण तो विषय वेगळा.

त्याचं काम काय, ते मला भावोजींनी तीन वेळा समजावलं आणि तिन्ही वेळा आम्ही दोघेही दमलो. शेवटी ताईने दारातल्या रांगोळीकडे बोट दाखवलं आणि प्रश्न सुटला. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची एक वेडीवाकडी रेघ. ती रेघ सरळ ठेवून घ्यायची म्हणजे रेकॉर्डवर खाच कोरायची किंवा टेपवर चुंबकाने उमटवायची. ही झाली जुनी रीत. नवी रीत अशी, की रेघ ठेवायचीच नाही, ठिपके ठेवायचे. सीडीच्या पद्धतीत दर सेकंदाला ४४,१०० ठिपके, आणि प्रत्येक ठिपका ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर आहे तेवढा आकडा. डावा कान वेगळा, उजवा वेगळा. म्हणजे एका सेकंदाच्या गाण्याला १४,११,२०० एक-शून्यं. हे ठिपके जोडून पुन्हा मूळची रेघ काढायची, हे डॅकचं काम.

इथे आपल्यासारख्या माणसाला शंका येते, आणि ती रास्त आहे. दोन सुना एकाच ठिपक्यांची रांगोळी वेगवेगळी जोडतात, मग ही पेटी बरोबर तीच रेघ कशावरून काढते? ठिपक्यांच्या मधलं गाणं गेलं कुठे? याचं उत्तर गणितवाल्यांनी देऊन ठेवलं आहे, आणि ते पचायला जरा जड आहे: कुठेही गेलेलं नाही. रेघेने एका ठरावीक मर्यादेपेक्षा झटक्याने वळायचं नाही एवढी अट घातली, की त्या ठिपक्यांमधून जाणारी रेघ एकच उरते. अंदाजे नव्हे, जवळपासही नव्हे, तीच. एडिनबरोच्या व्हिटेकरने १९१५ साली याची बैठक घातली, बेल कंपनीच्या नायक्विस्टने १९२८ साली तारायंत्राच्या निमित्ताने ते मांडलं, रशियात कोतेल्निकोव्हने १९३३ साली स्वतंत्रपणे सिद्ध केलं आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधाने ते जगाच्या गळी उतरवलं. गळी उतरलं, पण कानात शिरलं नाही. आजही 'डिजिटल म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचं गाणं' असं ठामपणे सांगणारे रसिक तुम्हाला दर मैफिलीत दोन तरी भेटतील. त्यातले एक आमचे भावोजी होते, पेटी घेईपर्यंत. आता त्यांच्या मते पायऱ्या फक्त इतरांच्या घरी असतात.

ही रांगोळी पहिल्यांदा घातली ती मात्र गाण्यासाठी नव्हेच. १९३७-३८ च्या सुमाराला पॅरिसमधल्या एका टेलिफोन प्रयोगशाळेत अ‍ॅलेक रीव्हज नावाचा इंग्रज इंजिनिअर काम करत होता. त्याची अडचण साधी होती. लांबच्या फोनचा आवाज वाटेत क्षीण होतो, म्हणून मध्येमध्ये तो फुगवावा लागतो. पण फुगवताना आवाजाबरोबर खरखरही फुगते, आणि शंभर ठिकाणी फुगवल्यावर शेवटी नुसती खरखरच पोचते. आपल्याकडे तोंडी निरोपाचं असंच होतं. 'काकांना बरं नाही' असा निरोप पाच घरं फिरला की सहाव्या घरून लोक टोपी घालूनच येतात. रीव्हजच्या डोक्यात आलं की निरोप तोंडी पाठवूच नये, चिठ्ठीत आकडा लिहून पाठवावा. वाटेत चिठ्ठी मळली तर नवी लिहून पुढे द्यावी. पाचाचा आकडा मळका असला तरी पाचच असतो. १९३८ साली त्याने याचं पेटंट घेतलं. कल्पना अशी चोख होती, की ती अमलात आणायला लागणारे व्हॉल्व्ह त्या काळी कुठल्याच कंपनीला परवडत नव्हते. पुढे ट्रान्झिस्टर आला, आणि तरीही अमेरिकेत टेलिफोनच्या रोजच्या व्यवहारात ही पद्धत रुळायला १९६२ उजाडलं.

मधल्या काळात एका गिऱ्हाइकाला मात्र ती परवडली. ते गिऱ्हाईक म्हणजे महायुद्ध. चर्चिल आणि रूझवेल्ट यांचं फोनवरचं बोलणं जर्मन चोरून ऐकत होते. तेव्हा बेल प्रयोगशाळेने 'सिगसॅली' नावाचं एक धूड तयार केलं. बोलणाऱ्याचा आवाज सुटा करायचा, त्याचे तुकडे सेकंदाला पन्नास वेळा मोजायचे, आकडे करायचे, आणि त्या आकड्यांत वाटेल ते दुसरे आकडे मिसळून पाठवायचे. मिसळलेले आकडे पलीकडच्याने वजा केले की बोलणं परत. यंत्राचं वजन सुमारे ५५ टन. भावोजींची पेटी पाच हजार वेळा ठेवली तर बरोबरी होईल. आता गंमत अशी, की मिसळायचे हे 'वाटेल ते' आकडे ठेवले होते कशावर? तर ग्रामोफोनच्या रेकॉर्डवर! नुसत्या खरखरीच्या रेकॉर्डची जोडी. एक अमेरिकेत, एक लंडनला, दोन्ही एकाच क्षणी लावायच्या, एकाच वेगाने फिरवायच्या, आणि काम झालं की नष्ट करायच्या. खरखर ऐकण्यासाठी रेकॉर्ड लावल्याचं जगाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण असावं, असं मी लिहिणार होतो. पण आमच्या आळीत एकेकाळी ज्या रेकॉर्डी वाजत, त्या आठवून वाक्य मागे घेतो.

लंडनच्या बाजूचं हे धूड सेल्फ्रिजेस या बड्या दुकानाच्या तळघरात बसवलं होतं. वर बायका हॅट खरेदी करत होत्या आणि खाली युद्धाचे बेत आकड्यांत शिजत होते. १५ जुलै १९४३ रोजी पहिलं संभाषण झालं. चर्चिलसाहेबांच्या भूमिगत कचेरीत त्या फोनची एक बारकीशी खोली होती, आणि तिच्या दाराला मुद्दाम संडासाची कडी लावली होती, 'रिकामा' आणि 'आत माणूस आहे' असं दाखवणारी. कचेरीतल्या लोकांचा समज असा, की पंतप्रधानांची ती खाजगी सोय आहे. भावोजींना मी ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी पेटीवरून फडकं फिरवत सुस्कारा सोडला. घरात ताईच्या नजरेआड गाणं ऐकायला अशी एखादी खोली असावी, हे त्यांचंही जुनं स्वप्न आहे.

गाण्याकडे हा आकडा वळला तो जपानात. तिथल्या सरकारी नभोवाणीने, एनएचकेने, १९६७ साली आकड्यांतलं ध्वनिमुद्रण करून दाखवलं. ते काम करवणारे हेइतारो नाकाजिमा १९७१ साली सोनी कंपनीत गेले आणि त्यांनी तिथेही तोच ध्यास धरला. डेनॉन कंपनीने १९७२ साली टोकियोत एका तंतुवाद्य-चौकडीचं मोत्झार्ट आकड्यांत टिपलं. ते यंत्र काहीशे किलोंचं होतं. म्हणजे वादक चार आणि हमाल त्याहून जास्त.

सगळ्यांपुढे अडचण एकच: सेकंदाला लाखो आकडे लिहायचे कशावर? साधी टेप एवढं पेलत नव्हती. एवढं पेलणारी, बाजारात मिळणारी एकच वस्तू होती, टीव्हीची चित्रफीत. तेव्हा या मंडळींनी गाण्याला चित्राचं सोंग दिलं. आकड्यांचे काळे-पांढरे ठिपके करून ते चित्रफितीवर उमटवले. जपान-अमेरिकेच्या टीव्हीत सेकंदाला ६० वेळा पडदा भरतो, दर वेळी कामाच्या ओळी २४५ धरल्या, आणि एका ओळीत तीन ठिपके मावले. साठ गुणिले दोनशे पंचेचाळीस गुणिले तीन: ४४,१००. युरोपात पडदा ५० वेळा भरतो, ओळी २९४, ठिपके तीनच. करा गुणाकार. पुन्हा ४४,१००! आज जगभर सीडीमध्ये जो हा चमत्कारिक आकडा बसला आहे, ज्याच्याबद्दल मोठमोठे लोक चर्चा करताना भुवया उंचावतात, तो कुठल्या नादब्रह्मातून आलेला नाही. तो टीव्हीच्या ओळींतून आला आहे. भावोजींना हे सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं. त्या आकड्यात काही तरी गूढ असेल अशी त्यांची समजूत होती. वास्तविक मला यात जास्त मौज वाटते. दोन देशांच्या टीव्हींचा लसावि काढावा तसा निघालेला आकडा, आणि त्यात आमच्या किशोरीताई मावतात!

१९७७ साली सोनीने घरात ठेवण्याजोगी अशी पहिली पेटी विकायला काढली, पीसीएम-१. तिला जोडीला व्हिडिओ रेकॉर्डर लागे. त्याच वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबरात, अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सूर्यमालेबाहेर धाडली आणि त्यांवर पृथ्वीच्या वतीने एकेक सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड बसवली. त्या रेकॉर्डवर गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. जरा थांबून विचार करा. यान स्वतः पृथ्वीशी बोलतं ते एक-शून्यांत. चित्रं पाठवतं ती आकड्यांत. पण परक्या जीवांना गाणं ऐकवायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञांनी कोरली ती जुनीच खाच, सोबत सुई दिली आणि ती कशी लावायची याचं चित्र काढून दिलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. खाच पाहिली की कुठल्याही बुद्धिमान प्राण्याला ती ओरबाडावीशी वाटेलच, पण एक-शून्यं पाहून तो काय करणार? तिथे आमचे भावोजी थोडेच आहेत?

आता अमेरिकेतल्या थॉमस स्टॉकहॅम यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच गृहस्थ. निक्सनसाहेबांच्या वॉटरगेट प्रकरणात एका टेपवर साडेअठरा मिनिटांचं बोलणं पुसलेलं निघालं. चिटणीसबाईंचा पाय चुकून लागला असा खुलासा आला. १९७४ साली न्यायालयासाठी ती टेप तपासणाऱ्या सहा तज्ज्ञांत स्टॉकहॅम होते, आणि त्यांनी सांगितलं की ती एकदा नव्हे, निदान पाच वेळा वेगवेगळी पुसलेली आहे. म्हणजे बाईंचा पाय फारच चंचल असला पाहिजे. याच स्टॉकहॅम यांनी संगणकाला कारुसोच्या जुन्या रेकॉर्डी खाऊ घातल्या. कारुसो गायला तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात, आणि कर्ण्याचा स्वतःचा कोंदट, डब्यात बोलल्यासारखा नाद गाण्याला चिकटून बसे. स्टॉकहॅम यांनी त्या कर्ण्याचा नाद आकडेमोडीने वेगळा काढून वजा केला. १९७६ साली ती रेकॉर्ड निघाली. ज्या फ्रेड गाइसबर्गने एप्रिल १९०२ मध्ये मिलानला कारुसोला पहिल्यांदा कर्ण्यासमोर उभं केलं, त्यानेच त्या वर्षअखेर कलकत्त्याला येऊन गौहर जानलाही उभं केलं होतं. तेव्हा हा कर्णा आपल्याही ओळखीचाच.

आकड्याचा खरा उपयोग मला इथे दिसला. नवं गाणं अधिक गोड करणं ही त्याची हौस झाली. पण जे विरत चाललं आहे ते आणखी विरू न देणं, हे काम खाच करू शकत नाही आणि टेपही करू शकत नाही. खाच प्रत्येक वाजवण्यागणिक झिजते. आकडा हजार वेळा उतरवला तरी पाचाचा पाचच. आणि जे कुणी टिपलंच नाही, त्यापुढे सगळ्या पेट्या सारख्याच. अल्लादियाखाँसाहेबांनी रेकॉर्ड दिली नाही ती नाहीच दिली. तिथे अकरा किलोंची पेटी आणि नातवाचं अस्वल यांत काडीचा फरक नाही.

असो. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात सोनीचं सीडी वाजवण्याचं पहिलं यंत्र विक्रीला आलं, किंमत १,६८,००० येन. त्यात काटकसर अशी, की दोन कानांत मिळून डॅक एकच. तो एकदा डाव्याचं काम करी, एकदा उजव्याचं. त्यामुळे एक कान दुसऱ्याच्या सुमारे अकरा मायक्रोसेकंद मागे राही, म्हणजे एक स्पीकर चार मिलिमीटर मागे सरकवल्याइतका. तेवढ्यावरूनही जाणकारांत रणं माजली. फिलिप्सकडे सोळा बिटांचा कन्व्हर्टर नव्हता, चौदा बिटांचा होता. त्यांनी ठिपके चौपट दाट करून घेतले आणि चौदातून सोळाचं काम काढलं. गरिबीत काढलेली ही युक्ती इतकी गुणाची निघाली, की पुढे सगळ्या जगाने ती उचलली.

यापुढचा इतिहास म्हणजे एकत्र कुटुंब मोडल्याचा इतिहास. ऐंशीच्या दशकात कुणाच्या तरी लक्षात आलं की तबकडी फिरवणारी मोटर आणि आकडे वाचणारा डॅक एका घरात नांदले की भांडतात. झालं, वेगळ्या चुली. आता एकीकडून दुसरीकडे आकडे न्यायचे तर वायर आली. वायरीतून आकडे बरोबर पोचतात, पण ताल बिघडतो म्हणे. ठिपका जितक्या नेमक्या क्षणी मोजला तितक्याच नेमक्या क्षणी वाजवला पाहिजे, नाही तर रेघ वाकडी. तबला तोच, बोल तेच, पण लय डुलते. याला नाव 'जिटर'. मग ताल धरायला वेगळं घड्याळ आलं, त्याची वेगळी पेटी, तिची वेगळी वायर. इंग्लंडमध्ये केंब्रिजला १९८७ साली निघालेली डीसीएस नावाची कंपनी सुरुवातीला लढाऊ विमानांच्या रडारसाठी असलीच कामं करत होती, पुढे ती गाण्याकडे वळली. शत्रूचं विमान टिपणाऱ्या हातांनी आता षड्ज टिपायचा! कुणी म्हणेल तलवारीचा नांगर झाला. नांगर परवडतो तरी.

भावोजींच्या पेटीची प्रतिष्ठापना दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी पेटीचा आवाज पूर्ण, अ‍ॅम्प्लिफायरचाही पूर्वीच्या सवयीने अर्ध्यावर, आणि पेटी जुन्या यंत्राच्या दुप्पट दाबाने सूर सोडणारी. पहिला सा लागला तो खालच्या वॉचमनला शिट्टी वाजवत वर घेऊन आला. मग ऐकू आलं, की गाण्यामागे तंबोऱ्याखेरीज आणखी कुणी तरी 'घूंऽऽ' करत खर्ज धरून बसलं आहे. भावोजींनी पेटीवर संशय घेतला, वायरींवर घेतला, माझ्यावरही घेतला. शेवटी इलेक्ट्रिशियन आला, त्याने टीव्हीमागची केबलवाल्याची वायर उपटली आणि घूं थांबली. दोन ठिकाणी अर्थिंग मिळालं की वीज अशी आपापसांत गप्पा मारते. गाण्यातली घूं गेली आणि ताईची मालिकाही गेली. हा तोडगा तिच्या शास्त्रात बसला नाही. अखेर एका चिमुकल्या जोडणीने ती घूं टीव्हीपाशीच अडवली, आणि दोघांचे संसार चालू राहिले.

दुसऱ्या दिवशी कळलं की संगणक परस्पर सगळ्या गाण्यांचे ठिपके मोडून ४८,००० च्या मापात बसवतो आणि मगच पेटीकडे पाठवतो. पेटीवरचा निळा आकडा ४८ दाखवत होता आणि गाणं तर ४४.१ चं. संगणकाला 'मध्ये पडू नकोस' अशी ताकीद देणारी एक खूण असते, ती भाच्याने फोनवरून सांगितली. आकडा ४४.१ झाला आणि भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं मात्र अजून सुरू व्हायचं होतं.

त्यानंतर फिल्टर. ठिपके जोडताना रेघेला कुठे आणि किती अडवायचं याची गाळणी. त्यांच्या पेटीत अशा सात आहेत, काही तीव्र, काही कोमल. भावोजी एकेक लावत, डोळे मिटत आणि म्हणत, "अरे, ऐक, चौथ्यात गंधार कसा उजळला बघ." आता खरी गोष्ट अशी, की या गाळण्यांचा सगळा कारभार वीस हजार कंपनांच्या आसपास चालतो. तरुण कानाची तीच सीमा. ऐंशीच्या कानाची त्याच्या निम्म्यालाही नाही. आम्ही गंधार उजळताना ऐकत होतो तेवढ्यात ताईने स्वयंपाकघरातून जेवायला तीन हाका मारल्या, त्या भावोजींना ऐकू आल्या नव्हत्या. अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली असा प्रयोग छापला आहे. उंची प्रतीच्या ध्वनिमुद्रणात मध्येच साधं सीडीचं माप घुसवायचं आणि ऐकणाऱ्याला कळतं का ते पाहायचं. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. मी हा कागद भावोजींना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "त्यांच्या वायरी कसल्या होत्या?"

त्यांच्या पेटीला मी नावं ठेवतो असं समजू नका. ती आपलं काम चोख करते. माझं म्हणणं एवढंच, की ते काम वायरीएवढ्या स्वस्त वस्तूही आता जवळजवळ तितकंच चोख करतात. उरलेल्या पैशात खटका दाबतानाचा 'टक्' येतो, घट्ट गोल बटण येतं, आणि संध्याकाळी दोन तास एका जागी बसून गाणं ऐकायची शिस्त येते. शेवटची गोष्ट मिळत असेल तर मी भाव करणार नाही.

पण याच गडबडीत वायरी ठेवायला कपाट उघडलं आणि एक स्पूल निघाली. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर वडिलांच्या हिशेबी अक्षरात '१९७४, बारसं'. भाचीचं बारसं. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि आईला पाळणा म्हणायला लावला होता. ती नको नको म्हणत होती, हे मला आठवतं. आईचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठलाच नाही. फितीच्या कडेला मुंबईच्या पन्नास पावसाळ्यांची पांढरी बुरशी चढली होती. भावोजी खोकं हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, आपण बाहेर जाणाऱ्या दाराला चांदीची कडी लावली, आणि आत येणारं दार कधी उघडलंच नाही."

त्यांना म्हणायचं होतं ते असं, की डॅकच्या उलटं काम करणारा एक भाऊ असतो, रेघेचे ठिपके करणारा. जे ठरायचं ते तिथे ठरतं. आमच्या घरात तो भाऊ नव्हता. जुनी स्पूल यंत्रं दुरुस्त करून ठेवणारा एक माणूस शोधला. त्याने फीत मऊ कापडाने हळूहळू पुसली, यंत्राचं डोकं तिच्या कलाला मिळवून घेतलं, आणि ताकीद दिली की मी ती एकदाच वाजवणार, दुसऱ्यांदा टिकेल याची खात्री नाही. सेकंदाला ९६,००० ठिपके, चोवीस बिट. एवढ्याची गरज नव्हती हे त्यालाही माहीत होतं. भावोजी म्हणाले, राहू दे. अकरा मिनिटं निघाली.

ती आकड्यांची पुडी घरी आणून पेटीला दिली. ताई पहिल्यांदाच त्या खोलीत खुर्चीवर बसली. आधी भांड्यांचा आवाज, मग वडिलांचं खाकरणं, मग कुणी तरी "बोला, बोला" म्हणतं. आणि मग एक विलक्षण गोष्ट झाली. अगदी बारीक, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, आईचा पहिला सूर ऐकू आला, आणि दोन-तीन सेकंदांनी तोच सूर पूर्ण आवाजात. भावोजींनी नंतर समजावलं. फीत गुंडाळून वर्षानुवर्षं पडून राहिली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. फितीचा तो दोष आहे, संगणकाने काढून टाकता येतो, भाच्याला सांगू का, असंही त्यांनी विचारलं.

ताई म्हणाली, "काही नको. परत लावा."